चालती फियाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांपुढे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने सभासदांनीच सभासदांपुढे बोलावे, आणि तेही आपापल्या छंदाविषयी, अशी कल्पना कार्यवाहांनी काढली तेव्हा त्या यादीत माझे नाव असेल असे मला वाटले नव्हते. ज्या व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरीवरील निरूपणे ऐकली, नाट्यसंगीताच्या मैफली ऐकल्या, त्याच व्यासपीठावरून कार्बोरेटर आणि ब्रेक यांच्याविषयी बोलायचे म्हणजे देवघरात पाना-पकड घेऊन शिरण्यासारखे आहे. त्यातून मी यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. कलाशाखेचा पदवीधर, आणि आयुष्य गेले केंद्र सरकारच्या कचेरीत फायलींवर शेरे लिहिण्यात. तथापि मोहन नगरातील आमच्या घरासमोर रविवारी सकाळी एका जुन्या मोटारीखालून दोन पाय बाहेर आलेले आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहेत. ते पाय माझे. त्यांचा खुलासा करणे मला भाग आहे.

ती मोटार म्हणजे १९७० सालची फियाट ११०० डिलाइट. तरुण मंडळींना हे नाव परके वाटेल, पण 'पद्मिनी' म्हटले की त्यांनाही ओळख पटते. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच, केवळ नाव निराळे. फियाट ही इटलीतील ट्यूरिन शहरी १८९९ साली निघालेली कंपनी. १९५३ मध्ये तिने ११०० या मालिकेची नवी घडण बाजारात आणली, आणि त्या गोल अंगाच्या, फुगीर गालांच्या गाडीला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असे नाव देऊन टाकले. त्या नावात तिरस्कार नव्हता, मायाच होती. आमची डिलाइट ही त्या डुक्कर फियाटची धाकटी बहीण. अंग चौकोनी, मागे किंचित उचललेले दोन पंख, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, आणि पुढे तिघांना दाटीवाटीने बसता येईल असे सलग बाक. इंजिन १०८९ सी.सी.चे. इटलीत हे मॉडेल १९६२ मध्ये आले आणि १९६६ मध्ये बंदही झाले. आपल्याकडे मात्र साठीच्या दशकाच्या मध्यापासून ते सुमारे २००० सालापर्यंत, थोडाफार साज बदलून, तीच गाडी निघत राहिली. माहेरी चार वर्षांत जिचे नाव पुसले गेले ती सासरी पस्तीस वर्षे नांदली. याचे श्रेय तिच्या गुणांना किती आणि परवाना पद्धतीला किती, हा वादाचा प्रश्न आहे. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिलेले काही गृहस्थ समोर बसले आहेत, त्यांनी तो सोडवावा.

ज्यांनी ती आपल्याकडे आणली त्या वालचंद हिराचंदांविषयी मात्र दोन शब्द बोललेच पाहिजेत. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या या माणसाने १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा, १९४१ मध्ये विशाखापट्टणला जहाजांचा आणि १९४४ मध्ये मुंबईत मोटारींचा असे तीन उद्योग, परकीय सरकारची मर्जी नसताना, उभे करायला घेतले. विशाखापट्टणच्या गोदीची कोनशिला बसविली राजेंद्रप्रसादांनी, आणि त्याच राजेंद्रबाबूंनी पुढे राष्ट्रपती म्हणून ४ फेब्रुवारी १९५९ रोजी आपल्या भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन गाड्या जोडल्या जात. फियाट तेथे आली ती पन्नाशीच्या दशकात. वालचंदजी १९५३ मध्येच निवर्तले, त्यामुळे तिचा हा दीर्घ संसार त्यांना पाहायला मिळाला नाही. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गाडीवरून फियाटचे नाव उतरले, ती प्रथम 'प्रेसिडेंट' झाली आणि मग 'पद्मिनी'.

आमची गाडी या नामांतराच्या आधीची. माझे वडील अमरावतीस वकिली करीत. १९७९ मध्ये त्यांनी ती तेथील एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून घेतली. रंग फिकट निळा. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. उन्हाळ्याच्या सुटीत एकदा चिखलदऱ्याला जायचे हा नेम होता. परतवाडा मागे पडून घाट लागला की आई मागच्या बाकावर पाण्याची बादली दोन्ही पायांत घट्ट धरून बसे, कारण अर्ध्या चढावर रेडिएटर उकळणार हे ठरलेलेच असे. बॉनेट उघडून वडील धोतराच्या सोग्याने झाकण फिरवीत, वाफेचा लोट उठे, आणि आम्ही भावंडे तोवर करवंदे वेचून येत असू. गाडी बंद पडण्याबद्दल तक्रार करावी असे तेव्हा आम्हांला कधी सुचलेच नाही.

२००३ मध्ये वडिलांची दृष्टी अधू झाली आणि गाडी अंगणातल्या पत्र्याच्या छपराखाली गेली. तेथे ती तेरा वर्षे उभी राहिली. २०१५ मध्ये वडील गेले. पुढल्या वर्षी धाकट्या भावाने फोन करून सांगितले, की दादा, भंगारवाला येऊन गेला, किमतीचे बरे बोलतो आहे, काय करू? त्याचे काहीच चुकले नव्हते. जागा त्याची अडत होती, उंदरांचा उपद्रव त्याला होत होता. 'विकू नकोस' एवढे मी म्हणालो खरा, पण पुढे काय करायचे याची मला सुतराम कल्पना नव्हती. डिसेंबर २०१६ मध्ये ती मालमोटारीवर चढून अमरावतीहून येथे आली. उतरविताना तिच्या तळातून गंजाचा चुरा रांगोळीसारखा सांडला. ते पाहून सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

आता माझी पहिली चूक. जुनी गाडी हाती आली की मनुष्य प्रथम रंगाचा विचार करतो. मीही तेच केले. एका कारखान्यात गाडी दिली. कारखान्याचे नाव घेत नाही, कारण मी जे मागितले ते त्यांनी दिले. दीड महिन्यात ती अशी चकाकू लागली की शेजारच्यांनी पेढे मागितले. पुढच्या पावसाळ्यात दारांखाली रंगावर फोड आले. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ते फुटले, आणि बोट लावले तर बोट आत गेले. गंजलेल्या पत्र्यावर रंगारी ज्याला 'लांबी' म्हणतात तो लेप थापून वर रंग मारला होता. आतला गंज होता तेथेच होता, आणि आता त्याला वाराही लागत नव्हता.

गंज म्हणजे काय हे पोलादनगरीत मी सांगावे, हा प्रसंग विनोदी आहे. परंतु आपल्या कारखान्यातून निघतात रेल्वेचे रूळ, इमारतींच्या तुळया आणि जाड प्लेटा. मोटारीचा पत्रा तेथला नव्हे. एक मिलिमीटरहूनही पातळ असा थंड लाटलेला पत्रा करतात ते राउरकेला आणि बोकारोला. उघड्यावर पडलेला रूळ वर्षानुवर्षे तांबडा होऊनही टिकतो, कारण त्याच्या अंगी जाडी आहे. गंजाने वरचे चार थर खाल्ले तरी त्याला पत्ता लागत नाही. मोटारीच्या पत्र्याजवळ गमवायला चार थर नसतातच. शिवाय लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात तो एकदा शिरला की पाचर ठोकल्यासारखा सांधा उकलीत जातो. दारांच्या आणि उंबरठ्याच्या तळाशी पाणी निथळून जाण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. धुळीने ती बुजली की आत डबके साठते. मोटारीचा नाश पावसात उभी राहिल्याने जेवढा होतो त्याहून अधिक ही भोके बुजल्याने होतो. तारेचा एक तुकडा आणि रविवारची पाच मिनिटे, एवढाच त्याला उपाय.

दारांखालच्या ज्या पोकळ पट्टीला मी उंबरठा म्हणतो, तिचे या गाडीत विशेष महत्त्व आहे. जीपगाडीला खाली वेगळा सांगाडा असतो, त्यावर वरचे अंग बसविलेले असते. फियाटला तसा सांगाडा नाही. तळ, उंबरठे, खांब आणि छप्पर यांची मिळून एक पेटी केली आहे आणि तीच सगळा भार वाहते. उंबरठा कुजला म्हणजे शोभा गेली असे नव्हे, गाडीचा कणा गेला. आमच्या गाडीला जॅक लावून एक बाजू उचलली तर पुढचे दार मिटेनासे होई. एवढी स्पष्ट खूण समोर असताना मी दोन वर्षे तिला मेण लावून पुसत होतो.

हे ज्यांनी प्रथम माझ्या लक्षात आणून दिले ते आपल्याच मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद. आपले नाव कोठे छापून येऊ नये अशी त्यांची अट होती. गेल्या वर्षी ते आपल्याला सोडून गेले, तरी ती अट मी पाळतो. आपण सारे त्यांना भाऊ म्हणत असू. साठीच्या दशकात ते खानदेशातून फिटर म्हणून येथे आले, आणि सेवानिवृत्तीनंतरही त्यांच्या खिशात नेहमी एक लहान पोलादी पट्टी असे. गणेशोत्सवाच्या मांडवाचे खांब ओळंब्यात आहेत की नाहीत हे तेच ठरवीत. २०१८ च्या भाद्रपदात आरतीनंतर ते सहज आमच्याकडे आले, गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून उंबरठ्यावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही मुडद्याला शालू नेसवला आहे." त्या रात्री मला जेवण गेले नाही. सकाळी सात वाजता भाऊ दारात हजर. म्हणाले, "राग आला नसेल तर पाने काढा."

पुढची पावणेतीन वर्षे म्हणजे माझे दुसरे शिक्षण. भाऊंची पद्धत सांगण्यासारखी आहे. कुजलेला उंबरठा कापण्यापूर्वी त्यांनी दारांच्या मोकळ्या चौकटीत लोखंडी दांड्या आडव्या वेल्ड करविल्या, नाहीतर कापताक्षणीच गाडी मधोमध खचते आणि मग दारे जन्मात जुळत नाहीत. दारांच्या फटी त्यांनी आपल्या पट्टीने मोजून आमच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवल्या. ते आकडे अजून तेथे आहेत. घराला रंग काढला तेव्हा तेवढा चौकोन सोडला.

कणा सरळ झाल्यावर मला घाई झाली ती इंजिन ऐकण्याची. भाऊ म्हणाले, "आधी तिला थांबायला शिकवू, मग पळायला." या सुमाराची गाडी असेल तर चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आणि चौघांना मिळून तेलाची एकच वाट. एखाद्या चाकाचा रबरी वॉशर फुटला की तेल तेथून निघून जाते आणि चारही चाके एकदम निकामी होतात. वॉशर दिसायला ठीक होते, म्हणून मी मागच्या चाकांचे तेच ठेवले, भाऊंना न सांगता. गाडी सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या गल्लीच्या वळणावर पाय दाबला तो थेट तळाला टेकला. वेग सायकलीइतका होता आणि समोर आमचेच फाटक होते, म्हणून आज तुमच्यापुढे हसून सांगता येते. त्या क्षणी गल्लीत खेळणारी पोरे पाच मिनिटांपूर्वीच पाणी प्यायला घरात गेली होती. भाऊंनी वाकलेले फाटक पाहिले, काहीही विचारले नाही, आणि मागच्या दोन्ही चाकांचे ड्रम उतरवायला घेतले. त्यानंतर मी त्यांच्यापासून काही लपविले नाही, आणि रबराचा वॉशर मी डोळ्यांनी पारखीत नाही, वर्षांनी पारखतो.

तेरा वर्षे निजलेले इंजिन जागे कसे करावे, याचीही एक रीत आहे. उत्साही मंडळी अशा गाडीला दोर बांधून ओढतात. त्यात चिकटलेल्या पिस्टनच्या कड्या तुटून सिलिंडरची भिंत ओरबाडली जाते. आम्ही चारही प्लग काढून आत डिझेल आणि इंजिनचे तेल मिसळून ओतले आणि आठ दिवस स्वस्थ बसलो. मग हाताने तसूभर पुढे, तसूभर मागे. नवव्या दिवशी ते फिरले. एका मिस्त्रीने तत्पूर्वीच सिलिंडर कातून मोठे करण्याचा सल्ला दिला होता. भाऊंनी मापक लावून पाहिले आणि नकार दिला. सिलिंडर कातून मोठे करणे ठराविक वेळाच शक्य असते, प्रत्येक वेळी भिंत पातळ होते. ज्याची गरज नाही ते करायचे नाही, एवढेच त्यांचे शास्त्र होते. नव्या कड्या आणि हलकी घासणी यांवर भागले. सुरू झालेल्या इंजिनावर लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवून, मूठ कानाला लावून ते डोळे मिटून ऐकत आणि सांगत, तिसऱ्याचा टॅपेट बोलतो आहे. मीही ऐकत असे. पहिले वर्षभर मला सगळेच टॅपेट सारखे बोलत. पुढे एके दिवशी तिसऱ्याचा आवाज वेगळा आला. परीक्षेत पहिला वर्ग मिळाला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. अर्थात पहिला वर्ग मला कधी मिळाला नव्हता.

सुटे भाग हा स्वतंत्र अध्याय. कुर्ल्याचा तो जुना कारखाना आता नाही, त्या जागी कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. पण त्याच कुर्ल्यात सी.एस.टी. रोडवर मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग विकणारी दुकाने आहेत. जेथे गाडी जन्मली तेथेच तिचे अवयव विकत घ्यायचे, असा तो प्रकार. कचेरीच्या कामासाठी मुंबईस गेलो की उरलेला वेळ मी तेथे घालवी. आमच्या गाडीचे मागचे डावे दार असेच एका टॅक्सीचे आहे. बाहेरून निळा रंग दिला आहे, परंतु आतले अस्तर काढले की टॅक्सीचा काळा रंग तसाच दिसतो. तो मी खरवडला नाही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून गेली. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. मी ते वाचून हळवा झालो नाही, चिंतातुर झालो. टॅक्सी धावत होती तोवर तिचे वॉशर, ब्रेकचे लायनर, पंपाचे पडदे कोणीतरी करीत होता, कारण हजारो माणसांचे पोट त्यांवर होते. आता गिऱ्हाईक म्हणून उरलो आम्ही हौशी लोक, आणि हौसेवर कारखाना चालत नाही. दुकानदार आता भाग दाखविण्यापूर्वी गिऱ्हाइकाचे बूट पाहतो. एकूण खर्च किती आला हे सांगण्याचा मोह होतो, पण सौ. तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

यापुढे जे सांगायचे आहे ते खरे म्हणजे आजच्या बोलण्याचे कारण.

जुलै २०२१ मध्ये, आमची गाडी रस्त्यावर येण्याच्या बेतात असताना, केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी नवे नियम काढले. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असेल तर तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. आधी नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी नित्याच्या वापरासाठी वा धंद्यासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, शर्यत-संमेलन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा दुरुस्ती, एवढ्यापुरतीच तिने बाहेर पडावे. दुसरा मार्ग जुनाच. खासगी मोटारीची पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करायचे. पण गाडी छत्तीसगडात वापरायची तर येथील नोंदणी घ्यावी लागणार, म्हणजे महाराष्ट्राचा जुना क्रमांक सोडावा लागणार.

पेच असा होता. गाडी भावाकडे अमरावतीला परत ठेवून व्हिंटेज म्हणून नोंदवली, तर वडिलांचा क्रमांक राहतो. ज्या क्रमांकावरून आम्ही लांबून येणारी गाडी ओळखीत असू, आणि आई चहाचे आधण ठेवी, तो क्रमांक. पण मग गाडी उभी राहते. येथे आणली तर ती चालते, पण सी.जी. ०७ होऊन.

मी दोन महिने निर्णय केला नाही. एका पक्षी पुष्कळ सांगता येण्यासारखे होते. जगभरच्या जुन्या मोटारींच्या संघटनांचा जो महासंघ आहे, त्याच्या व्याख्येतच ऐतिहासिक वाहन म्हणजे किमान तीस वर्षांचे, मूळ स्थितीत जपलेले आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरले जाणारे, असे म्हटले आहे. वापराने झीज होते, झिजलेला भाग मिळत नाही, म्हणून वस्तू जपायची तर ती वापरू नये, हा युक्तिवाद बिनतोड दिसतो. माझ्या कचेरीतले सहकारीही म्हणत, की साहेब, तिला मानाची निवृत्ती द्या. दुसऱ्या पक्षी त्याच महासंघाने काढलेली एक सनद आहे, तिला फियाटच्या गावावरून ट्यूरिनची सनद म्हणतात, आणि तिच्या शीर्षकात जतन व दुरुस्ती यांच्या जोडीला 'वापर' हाही शब्द आहे. कोल्हापूरकर मंडळी येथे असतील तर त्यांना छत्रपतींची मेबॅक आठवेल. नव्वद वर्षांच्या घरात आलेली ती जर्मन गाडी दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडते, आणि वर्षातून एक दिवस चालायचे आहे म्हणून तिला वर्षभर चालती ठेवावे लागते. केवळ पाहण्यासाठी ठेवलेल्या गाडीवर अशी सक्ती कोण करणार?

मी भाऊंना विचारले. ते बाकावर बसून फीलर गेजची पाती पुसत होते. त्यांनी क्रमांकाची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "उभीच करायची होती तर छपराखाली काय वाईट होती?" मग थोड्या वेळाने, "मला येऊन पंचावन्न वर्षं झाली. माझाही नंबर बदललाच की."

गाडी सी.जी. ०७ झाली. जुनी पाटी आमच्या दिवाणखान्यात आहे. मी योग्य केले असे मला वाटते, परंतु भावाला ते अजून पुरते पटलेले नाही, हेही येथे नमूद करतो. त्याचे म्हणणे, दार टॅक्सीचे, क्रमांक दुर्गचा, कड्या नव्या, उंबरठे नवे, मग यात बाबांची गाडी कोठे राहिली? त्याला द्यायला माझ्यापाशी नेमके उत्तर नाही. २०२२ च्या दिवाळीत मी ती घेऊन अमरावतीला गेलो. राजनांदगाव, बागनदीची सीमा, देवरी, साकोली, भंडारा, नागपूर, असे सुमारे चारशे किलोमीटर, ताशी पन्नासने, दर तासाला थांबून. पहाटे निघालो तो सायंकाळी पोहोचलो. आई बाहेर आली. नव्वदीच्या घरातली बाई. तिने क्रमांकाकडे पाहिले नाही. मागचे दार उघडून बाकावर बसली आणि पाय थोडे फाकवून ठेवले, मध्ये बादली असल्यासारखे. भाऊ तेव्हा दुर्गला होते. मी रात्री त्यांना फोनवर सांगितले, तर त्यांनी विचारले, "तेल किती खाल्लं?"

ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी असेल त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. २०२२ मध्ये ते दहा टक्के झाले, २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर आले. त्यात उसाचा अंश आहे तसा तांदळाचाही आहे, म्हणजे आपले महाराष्ट्र आणि छत्तीसगड दोन्ही टाकीत एकत्र नांदतात. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा या मिश्रणासाठी केलेले नाहीत. ते फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी उतरते आणि टाकी आतून गंजते. म्हणून नळ्या नव्या जातीच्या रबराच्या घालाव्यात, टाकीत थोडेथोडे पेट्रोल भरावे आणि आठवड्यातून एकदा तरी ते जाळावे. नुसते इंजिन सुरू करून जागेवर ठेवणे पुरत नाही. तेल तापत नाही, ब्रेक आणि गिअर यांना काम मिळत नाही. पंधरा-वीस किलोमीटर चालवावी. मी रविवारी शिवनाथच्या पुलापर्यंत जाऊन येतो.

एक विसंगती माझ्या मनात राहते, ती लपवीत नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्या मोडीत काढण्याचा नियम लागू झाला, आणि आमच्या कचेरीच्या दोन गाड्यांच्या कागदांवर सही करणारा अधिकारी मीच होतो. त्यांतली एक उत्तम चालत होती. धूर आणि अपघात यांचा विचार करता तो नियम अवाजवी आहे असे मी म्हणणार नाही. आमची फियाटही नव्या गाडीपेक्षा अधिक धूर सोडते, म्हणून ती कचेरीत जात नाही, बाजारात जात नाही. सही करून त्या सायंकाळी मी घरी आलो आणि बॉनेट न उघडता तसाच आत गेलो.

भाऊंच्या मागे त्यांची हत्यारांची पेटी त्यांच्या मुलाने माझ्याकडे दिली. तीत ती पोलादी पट्टी आहे. शेजारचे दोन मुलगे, एक अकरावीतला आणि एक अभियांत्रिकीतला, रविवारी येतात. अभियांत्रिकीतल्याला पुस्तकातले सगळे ठाऊक आहे, अकरावीतल्याला तिसऱ्याचा टॅपेट ऐकू येतो. मला अलीकडे डाव्या कानाने कमी येते, त्यामुळे सोय झाली आहे.

वेळेची घंटा कार्यवाहांनी दोनदा वाजविली. गाडी मी आज मुद्दाम आणली आहे, बाहेर पिंपळाखाली उभी आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी जरूर पाहावी, बसावे, मुलांना बसवावे. मागचे डावे दार जरा उचलून लावावे लागते. आणि कालपासून बॅटरी थोडी नरम वाटते. मैदानाला उतार नाही. तेव्हा कार्यक्रमानंतर फराळाला जाण्यापूर्वी चार धट्टेकट्टे सभासद पाच मिनिटे मागे थांबतील तर मी आभारी होईन.